चिचगडवालीचा प्रोग्राम

दीदी गेल्याची बातमी माझ्या माहेरी पोचली ती माझ्याच मरणाची बातमी म्हणून. त्या दिवशी मी नागपूरच्या दवाखान्यात होते. वॉर्डात शिरताना फोनचा आवाज बंद करून तो पर्समध्ये टाकला होता. सगळं संपल्यावर, मोठे दीर आत कागदांवर सह्या करत असताना मी व्हरांड्यात आले, फोन काढला, तर चोरखमाऱ्याहून आलेल्या फोनांची रांग लागलेली. मी उलट फोन लावला. माझा आवाज ऐकून मायचे नुसते हुंदके... आणि मग एकदम, "तू जिती आहेस ना वो?" झालं होतं असं, की नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी घाईघाईत टाकलं होतं, रहांगडाले परिवाराची सून वंदना हिचं नागपूर येथे दुःखद निधन. आता मीही वंदना. मीही रहांगडाल्यांची सून. आणि सकाळीच मायला कळवून निघाले होते की नागपूरला चालले आहे. तिने दुसरं काय समजायचं? तिची समजूत घालता घालता मला रडू फुटलं, आणि रडता रडताच राग आला. चिचगडवाली वंदना, एवढा एक शब्द जास्त लिहायला काय हात झिजतात? दीदी असती तर मेसेज टाकणाऱ्याला तिने असं फैलावर घेतलं असतं की त्याने ग्रुपच सोडला असता.

दीदी म्हणजे माझी मोठी जाऊ. गोंदियात निम्मं बोलणं हिंदीत चालतं, म्हणून जाऊबाई वगैरे कधी तोंडात बसलंच नाही, पहिल्या दिवसापासून दीदी. ती वंदना आणि मीही वंदना. ती देवरी तालुक्यातल्या चिचगडची, मी तिरोड्याकडच्या चोरखमाऱ्याची. आमच्याकडे सुनेला सासरी तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. पण वर्तमानपत्राची ही पुरवणी लांब लांब जाते म्हणून सांगून टाकते. ती चिचगडवाली, मी चोरखमारावाली. घरात, शेजारात, लग्नकार्यात आमची हीच नावं.

तिला जाऊन आता काही आठवडे झालेत आणि परवा पुण्याहून एक मेल आला आहे. पुण्यातल्या एका कंपनीचं पुस्तकं डिजिटल करण्याचं काम आम्ही गोंदियात बसून करतो. दीदीने लिहिलेला एक प्रोग्राम तिथे अजून रोज चालतो आणि त्याच्या ओळीओळीत 'चिचगड' हा शब्द आहे. कंपनीत नवे साहेब आलेत. त्यांनी मोठ्या सौजन्याने लिहिलं आहे की हा शब्द काढून तिथे सर्वमान्य असं छोटं नाव टाकावं म्हणजे नव्या लोकांना सोपं जाईल. आउटपुटमध्ये तसाही काहीच फरक पडणार नाही. ते म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. मी स्वतः ते काम चहा निवायच्या आत करू शकते. पण हात होत नाही. उत्तर द्यायचं आहे, आणि त्याआधी दीदीबद्दल लिहून काढायचं आहे.

चिचगडला तिचे वडील थोडी धानाची शेती करायचे आणि उन्हाळ्यात घरादारानिशी मोहफुलं वेचायला जंगलात जायचे. ती शिकली देवरीला, मग नागपूरला वसतिगृहात राहून एमसीए झाली, मग पुण्याला नोकरी. हे सगळं ती कधी कष्टाची कहाणी म्हणून सांगायची नाही. कुणी तसं सांगायला लावलं तर चिडायची. म्हणायची, मी हुशार होते, अभ्यास केला, पास झाले, यात डोळे पुसण्यासारखं काय आहे? अशी फटकळ. पुण्यात तिच्या बोलण्याला कुणी हसलं की ती मुद्दाम आणखी आमच्याकडच्या झाडीबोलीत बोलायची. तिच्या स्वैपाकाबद्दल मात्र न बोललेलं बरं. धानाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या बाईच्या हातून भात करपावा, तोही आठवड्यातून दोनदा, हे आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. त्या म्हणत, हिच्या माहेरी चुलीलाही कॉम्प्युटरच लावला होता काय?

माझं लग्न ठरलं तेव्हा पहिला अडथळा आला तो माझ्या नावाचा. घरात एक वंदना आधीच होती. बैठकीत नात्यातल्या बायाबापड्यांनी सुचवलं की लग्नात नाव बदलतातच, हिचं ठेवून देऊ रोशनी नाहीतर प्रीती. माझी माय गप्प. मुलीकडच्यांनी अशा वेळी बोलायचं नसतं. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. लहानपणापासून ज्या नावाला ओ दिली ते नाव आता फार तर तासाभराचं सोबती आहे, असं वाटत होतं. कुणीतरी समजुतीने म्हणालं, नावानं काय होते, पोरगी तर तेच राहीन, काही फरक नाही पडत. तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. मी तोवर तिला पाहिलंही नव्हतं.

"फरक नाही पडत म्हणता, मंग बदलता कायले?"

मग तीच पुढे म्हणाली की गाव आहे ना तिचं, मी चिचगडवाली, ती चोरखमारावाली, एवढं सोपं असताना पोरीचं नाव काऊन खोडता? सासूबाईंनी मान हलवली आणि विषय संपला. माझं नाव दीदीने वाचवलं. आज या लेखाखाली जे नाव छापून येईल ते तिच्यामुळे माझं आहे.

लग्न होऊन मी आले तेव्हा दीदी पुण्याहून घरी आलेली होती, आणि तिचं सगळं अधांतरी होतं. सासूबाई अंगणात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. मोठे दीर इथल्याच बँकेत, त्यांची बदली होणार नव्हती. इतकी वर्षं नवरा गोंदियात आणि बायको पुण्यात असा संसार तिने ओढला होता. आता तिला घरी राहायचं होतं. काम मात्र सोडायचं नव्हतं. तिने कंपनीत सांगितलं की हेच काम मी गोंदियाहून करते, आणखी मुली शिकवते, तुमची पुस्तकं इथून तयार होऊन येतील. तिथले तेव्हाचे साहेब भला माणूस, पण हसले. गोंदियाहून? तिथे लाइट असते का? अखेर त्यांनी एक पुस्तक चाचणीला द्यायचं कबूल केलं. ते नीट उतरलं तर काम गोंदियाला. नाही उतरलं तर दीदीने पुण्याला परत यायचं किंवा राजीनामा द्यायचा. तिसरी वाट नव्हती, आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. खाटेवर पडलेल्या सासूबाईंनासुद्धा.

वरच्या मजल्यावरची धानाची कोठी रिकामी करून तिथे आम्ही टेबल मांडलं. आम्ही म्हणजे ती आणि मी. बी.एस्सी. करून घरी बसलेली पोरगी तिला दिसली आणि तिने मला जुंपून टाकलं. कोंड्याचा वास त्या खोलीतून अजून गेलेला नाही. तिथे बसून तिने मला शिकवलं. पुस्तकातल्या प्रत्येक तुकड्याला खूण करायची, हे प्रकरण, हा परिच्छेद, हे चित्राखालचं नाव. त्या खुणा म्हणजे टॅग, आणि अशी खुणांची फाइल म्हणजे एक्सएमएल. मग त्या फाइलीतून वेगवेगळी रूपं काढायची, मोबाइलवर वाचायचं पुस्तक वेगळं, छापायचं वेगळं. त्यासाठी एक भाषा आहे, एक्सएसएलटी. तिच्यात नुसते नियम लिहायचे. प्रकरण दिसलं की असं कर, परिच्छेद दिसला की तसं कर. मला ते आवडलं. कुळाचारासारखं वाटलं, कोणी दारात आलं तर काय करायचं ते आधीच ठरलेलं.

साहेबांनी आधी नमुन्याची पानं पाठवली होती. त्यावर दीदीने प्रोग्राम लिहिला आणि तो मस्त चालला. मग खरं पुस्तक आलं. टॅग तेच, नावं तीच. दीदीने प्रोग्राम चालवला आणि जे बाहेर आलं ते पाहून मला घाम फुटला. पुस्तकातले शब्द सगळे होते, एकही गळला नव्हता. पण ना प्रकरण, ना मथळा, ना परिच्छेद... सगळे शब्द एकामागे एक, नुसती रास. सगळ्या जातींचं धान एकाच खळ्यावर ओतावं तसं. आणि मशीन काही म्हणायला तयार नाही. चूक झाली तर सांगावं, तर तेही नाही. त्याच्या मते सगळं ठीकच होतं. एकाही नियमाला एकही टॅग सापडला नव्हता, म्हणून त्याने मजकूर तेवढा गुपचूप ओतून दिला होता.

दीदीने नियम पुन्हा पाहिले. अक्षर अन् अक्षर जुळत होतं. नियमात लिहिलंय प्रकरण, फाइलीत आहे प्रकरण, मग भेट का होत नाही? दुसऱ्या दिवशीही तेच. तिचं तोंड लहान झालं. जेवताना मोठे दीर म्हणाले, जाऊ दे, पुण्याला जा, आपण पूर्वीसारखं निभावू. ती उठून वर निघून गेली. मी तिला तसं हरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. दवाखान्यातही नाही.

त्याच दुपारी तिची आई चिचगडहून सासूबाईंना पाहायला आली. सोबत चाराची टोपली, ज्यातून चारोळी निघते ती चारं. आम्ही दोघी वर कामात. खाली आल्या आल्या त्या माउलीने जिन्याशी उभं राहून लेकीला हाक मारली, वंदना! आम्ही दोघीही जागच्या हललो नाही. पुन्हा हाक आली, वंदना, अवो वंदना! मला वाटलं शेजारी कुणाला बोलावताहेत. दीदी तर स्क्रीनमध्ये बुडालेली. खरं सांगायचं तर त्या घरात नुसतं वंदना म्हटल्यावर ओ द्यायची सवयच आम्हाला उरली नव्हती. खाली खाटेवरून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. त्या विहीणबाईंना म्हणाल्या, इथं नुसतं वंदना म्हणून कोणी नाही येत, चिचगडवाली म्हणा. त्यावर दीदीची आई फणकारली.

"माह्याच पोरीले मी चिचगडवाली काऊन म्हणू?"

दीदीचा हात की-बोर्डवर थांबला. ती माझ्याकडे पाहू लागली, पण तिला मी दिसत नव्हते. मग ती एकदम हसत सुटली. आई खाली ताटकळते आहे याचंही भान नाही. फाइल अगदी वर नेली, पहिल्या टॅगवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे पाह्य, हिचं घर इथं लिवलं आहे.

वाचकहो, आता जरा दमानं घ्या, अवघड काही नाही. जगभर लोक आपापल्या सोयीने टॅगांना नावं देतात. त्यात नावं सारखी होतात. 'टायटल' म्हटलं तर एकाकडे ते पुस्तकाचं नाव, दुसऱ्याकडे माणसाच्या नावामागचं डॉक्टर. दोन्ही एकाच फाइलीत आले तर गोंधळ. म्हणून प्रत्येक घराण्याच्या टॅगांना एक पत्ता देतात. हा पत्ता वेबसाइटसारखा लांबलचक दिसतो, पण तिथे कुणी जायचं नसतं, तो फक्त ओळखीपुरता. त्यालाच नेमस्पेस म्हणतात. खऱ्या पुस्तकात सगळ्यात वरच्या टॅगवर असा पत्ता लिहिलेला होता, नमुन्याच्या पानांवर नव्हता. वर एकदा पत्ता लिहिला की खालचं सगळं कुटुंब त्या घरचं झालं. मग आत कुणाला गावाचं नाव लावायची गरज नाही. चिचगडात चिचगडवाली कोणी कोणाला म्हणत नाही, तिथे ती नुसती वंदना. पण प्रोग्राम म्हणजे सासर. तिथे नुसतं नाव घेऊन हाक मारली तर त्याला वाटतं, बिनघराची कोणीतरी हवी आहे, आणि अशी बिनघराची तर कोणीच नाही. तिथे हाक मारायची तर गाव लावूनच मारावी लागते. त्या गावाच्या नावाला प्रीफिक्स म्हणतात. ते आपल्या मर्जीचं असतं, काहीही ठेवा. पत्ता तेवढा बरोबर हवा.

दीदीने प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ लिहिली, या लांबलचक पत्त्याला मी 'चिचगड' म्हणेन. आणि मग प्रत्येक नियमात प्रत्येक नावाच्या आधी चिचगड, चिचगड, चिचगड. चालवला. प्रकरणं आली. मथळे आले. परिच्छेद आपापल्या जागी येऊन बसले. ती धाडधाड जिना उतरली, आईच्या गळ्यात पडली, आणि आई बिचारी विचारत राहिली की हाक मारून मारून माहा घसा सुकला, आता एवढं लाडाचं काय आलं? सासूबाई खाटेवरून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, जमलं वाटते. मी म्हटलं, जमलं. त्यांनी हात जोडले आणि भिंतीकडे तोंड केलं... त्यांनाही सून हवी होती, कामासकट.

पुस्तक पुण्याला गेलं. दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. दीदीने स्पीकर चालू केला, मी शेजारी उभी. साहेब म्हणाले, काम उत्तम आहे, पण तयार फाइलीत वर एक शब्द दिसतो आहे, चिचगड. हे काय आहे? दीदीने जीभ चावली. प्रोग्राममध्ये जी गावं जाहीर करतो ती तयार फाइलीतही डोकावतात. ती झाकायला एक वेगळी ओळ लिहावी लागते. ती ओळ ती आनंदाच्या भरात विसरली होती. दुसरी कोणी असती तर सॉरी सर, सॉरी सर करत बसली असती. दीदी म्हणाली, "ते माझं माहेर आहे, सर." मग साहेब मोठ्यांदा हसले आणि म्हणाले, मग माहेर आत ठेवा, ग्राहकाकडे पाठवू नका. तिने ती ओळ घातली. तयार पुस्तकांतून चिचगड दिसेनासं झालं, प्रोग्रामात राहिलं. आणि काम गोंदियाला आलं.

सासूबाई काठी घेऊन चालू लागल्यावर आम्ही सगळे प्रतापगडला जाऊन आलो. महादेवाचं दर्शन झालं, दर्ग्यावर चादर झाली, टेकडीवर बसून डबे खाल्ले. दीदीने तिथून साहेबांना फोटो पाठवला, प्रतापगडावर आहोत म्हणून. त्यांचा उलट निरोप, अरे वा, साताऱ्याकडे आलात आणि कळवलंही नाही? दीदी हसून हसून बेजार. तिने लिहिलं, सर, आमचा प्रतापगड, अर्जुनी मोरगावचा. मग मला म्हणाली, पाहिलंस, एवढे शिकलेले साहेब, गड पाहिला पण घर नाही विचारलं.

घर विचारायचं, हाच तिचा मंत्र झाला. कोठीत टेबलं वाढत गेली. आमगावच्या, सालेकसाच्या, देवरीच्या मुली आल्या. कुणी शिकून घरी बसलेली, कुणी लग्न होऊन आलेली. गावात म्हातारीकोतारी माणसं कुठलंही अनोळखी लेकरू दिसलं की विचारतात, कोनाघरचा रे तू? तसं दीदी प्रत्येक नव्या फाइलीला विचारायची. फाइल उघडली की आधी पहिल्या टॅगवर बोट, आणि मोठ्यांदा, "कोनाघरची वो तू?" उत्तर मिळाल्याशिवाय एक नियम लिहू द्यायची नाही. कुणी घाईत थेट कामाला लागली तर तिच्या हातून माउस काढून घ्यायची. ओरडायचीही. एकदा एका मुलीने एकाच घरच्या टॅगांना दोन वेगळी प्रीफिक्सं दिलेली पाहून एक नवीन मुलगी घाबरली, की आता पुस्तक बिघडणार. दीदी म्हणाली, मी चिचगडला गेले की लोक मले गोंदियावाली म्हणतात, म्हणून काय मी दुसरी झाली? पत्ता पाह्य, नावाले काऊन भिऊन राहिली? त्या मुलींपैकी काही आज हैदराबादेत, पुण्यात मोठ्या जागी आहेत. सुट्टीत आल्या की वर कोठीत येतात. आमच्या जिल्ह्यातून माणसं कामासाठी बाहेर जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरचं काम जिल्ह्यात आणणारी माझी जाऊ होती. हे मी छाती ठोकून सांगते, आणि सांगत राहीन.

पुण्याच्या मेलमध्ये आम्हा दोघींचा घोळ व्हायचा म्हणून त्यांनी आम्हाला नंबर दिले होते, वंदना वन आणि वंदना टू. मला त्याचं काही वाटत नव्हतं. दीदीचा मात्र तिळपापड व्हायचा. नंबर गोठ्यातल्या जनावराले देतात, असं ती म्हणायची, आणि प्रत्येक मेलखाली ठासून लिहायची, वंदना, चिचगडवाली.

आजार लांबला नाही. पोटात दुखतं म्हणून गोंदियात दाखवलं, तिथून नागपूर, मग ऑपरेशन. परत येते असंच सगळे धरून चाललो होतो. शेवटच्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. मी तिचे केस विंचरले, ती तक्रार करत होती की कंगवा जोरात फिरवतेस. मग विचारलं, कालची फाइल गेली काय? मी म्हटलं, गेली. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "कोनाघरची होती?" मी सांगितलं, जुन्याच घरची होती दीदी, पण पत्त्यात शेवटी एक अक्षर बदललं होतं, मी पाहिलं आणि वरची ओळ बदलली. ती हसली. ओठांवर नुसतं आलं आणि गेलं. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. दुसरी कुणी असती तर नवऱ्याबद्दल, घराबद्दल बोलली असती असं कुणाला वाटेल. वाटू द्या. मला तिने जे शिकवलं ते मला आलं की नाही, हे तिने जाताना तपासून घेतलं. आणि मी पास झाले.

तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, नातलग जमले होते. सासूबाईंनी ओसरीवरून मला हाक मारली, चोरखमारावाली, पाणी आण. त्यांच्या शेजारी बसलेली एक लांबची बाई जिवाच्या कळवळ्याने म्हणाली की आता कायले गाव लावता मावशी, आता तर घरात एकच वंदना राहिली. मी तांब्या घेऊन दारातच थांबले. सासूबाईंनी त्या बाईकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते, रडून संपलेले.

"एक काऊन? दोन आहेत."

एवढंच म्हणाल्या आणि पाण्यासाठी हात पुढे केला.

पुण्याच्या नव्या साहेबांच्या मेलमध्येही शेवटी असंच एक वाक्य होतं. आता तिकडे एकच वंदना असल्यामुळे टू वगैरे लिहिण्याची गरज नाही, नुसतं वंदना चालेल. ते काही वाईट बुद्धीने लिहिलेलं नव्हतं. त्यांनी दीदीला पाहिलेलं नाही. त्यांना काय माहीत, की गावाचं नाव दीदीला लागलं ते गाव सोडल्यावर. की ते चिचगड दर ओळीला आहे म्हणून ही कोठी आहे, या मुली आहेत, मी आहे.

आज सकाळी वर आले. दीदीची खुर्ची तशीच आहे, तिच्या पाठीवर तिचा निळा स्वेटर, एसी सोसत नाही म्हणून बारमाही ठेवलेला. मी तो प्रोग्राम उघडला. चिचगड, चिचगड, चिचगड... पान संपेस्तोवर खाली जात राहिले. मग उत्तर लिहायला घेतलं. आधी बरंच मोठं लिहिलं, तांत्रिक कारणं दिली, ती सगळी खोटी होती म्हणून पुसून टाकली. खरं कारण एकच होतं आणि ते माझ्या लग्नाच्या बैठकीत सांगून झालेलं होतं. तेच तिच्याच शब्दांत टाकलं. पुण्यात कळेल, नाही कळलं तर विचारतील.

"फरक नाही पडत म्हणता, मंग बदलता कायले?"

खाली सही केली, वंदना, चोरखमारावाली. मेल पाठवला. मुली आल्या होत्या, नवीन पुस्तक आलं होतं. मी फाइल उघडली, पहिल्या टॅगवर बोट ठेवलं. विचारायला तोंड उघडलं, तर माझ्या आधीच मागून त्या सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, "कोनाघरची वो तू?"